डोंगरातल्या सायकलिंगसाठी हायड्रेशन पॅक: कोणता घ्यावा, कसा वापरावा आणि कुठे बिनसतं

हायड्रेशन पॅक, म्हणजे आत पाण्याची पिशवी आणि तिच्यातून तोंडापर्यंत येणारी नळी असलेली पाठीवरची बॅग, घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "किती लिटरचा दाखवू?" प्रश्न बरोबरच आहे, पण तो तिसरा. आधी बघायचं ते हे, की दोन-तीन किलो वजन भरलेला पॅक दगडगोट्यांच्या उतारावर पाठ सोडतो का. मग बघायचं की आतली पाण्याची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, हात घालून घासता येतो का आणि भर पावसाळ्यात वाळवता येतो का. लिटर त्यानंतर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की ब्लॅडर नीट न वाळल्यामुळेच बरेचसे पॅक माळ्यावर जातात. पट्टे उत्तम, कापड उत्तम, पण नळीत काळे ठिपके दिसले की त्यातून पाणी प्यायला कोणी धजावत नाही.

कॅमलबॅकचा म्यूल १२, ऑस्प्रेचा रॅप्टर १४, डेकॅथलॉनचे रॉकरायडर पॅक आणि कमरेला बांधायचे पॅक यांच्याकडे इथे याच नजरेने पाहिलं आहे.

पॅक लागतोच का?

बाटलीत भागत असेल तर बाटलीच न्यावी. हार्डटेलच्या, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेल्या सायकलच्या, फ्रेमवर सहसा दोन बाटल्या बसतात, म्हणजे दीड लिटरची सोय झाली. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी तास-सव्वा तास चालवून परत यायचं असेल तर पाठीवर काही बांधायचं कारण नाही. बाटलीचा आणखी एक फायदा असा की किती प्यायलो आणि किती उरलं ते डोळ्यांना दिसतं.

पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या फुल सस्पेन्शन सायकलवर मात्र मागच्या शॉकने फ्रेममधली जागा खाल्लेली असते. तिथे बहुधा एकच बाटली बसते, तीही कधी कधी छोटी. खडबडीत उतारावर बाटली पिंजऱ्यातून उडते. पावसाळ्यात गुरांच्या वाटांवरून गेलं की पुढच्या चाकाने उडवलेली शेणमाती थेट बाटलीच्या तोंडावर बसते, आणि हे पाणी पोटात जाणं अजिबात चांगलं नाही. दोन तासांच्या वरची राइड, वाटेत पाणी न मिळणारी टेकडी, मार्च ते मे यांपैकी काहीही असेल तर पॅक घ्यावा. शिवाय तांत्रिक उतारावर बाटलीसाठी हँडल सोडून खाली वाकता येत नाही. नळी खांद्यावरच असल्याने थोडा सपाट भाग आला की दोन घोट घेता येतात, आणि सहज हाताशी असलं की माणूस वेळेवर पाणी पितो.

पाण्याचा हिशोब ताशी ४०० ते ८०० मिलिलिटर धरून सुरू करावा. प्रत्येकाचा घाम वेगळा, म्हणून स्वतःचा आकडा काढून घेणं सोपं आणि उपयोगाचं. राइडच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. एक किलो वजन घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. राइडमध्ये जितकं प्यायलात ते त्यात मिळवा आणि तासांनी भागा. उदाहरणार्थ, दोन तासांत वजन ८०० ग्रॅम घटलं आणि १ लिटर पाणी प्यायलं, तर घाम झाला १.८ लिटर, म्हणजे ताशी ९०० मिली. हे सगळंच्या सगळं चालवता चालवता भरून काढायची गरज नसते. वजन वाढलेलं निघालं तर मात्र पाणी जास्त होतंय. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते धोक्याचं आहे.

आता पाठीवरचं ओझं मोजू. एक लिटर पाणी एक किलो. २ लिटर पाणी, ७००-८०० ग्रॅमचा रिकामा पॅक आणि किलोभर हत्यारं-खाणं धरलं तर पावणेचार किलो होतात. ३ लिटरचा ब्लॅडर आहे म्हणून तो दरवेळी काठोकाठ भरायचा नसतो. अडीच तासांच्या राइडला दीड-दोन लिटर पुरत असतील तर तेवढंच भरा. ब्लॅडर मोठा असावा, पण भरायचा हिशोबाने.

पाठीवर बसतो कसा

दुकानात रिकामा पॅक घालून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. पाण्याच्या दोन-तीन बाटल्या आत टाका, हेल्मेट घाला आणि सायकलवर असतो तसं कोपर वाकवून, कंबरेतून पुढे झुका. मग मान वर करून समोर बघा. पॅकचा वरचा काठ हेल्मेटच्या मागच्या कडेला लागला तर तो पॅक तुमच्या पाठीसाठी लांब आहे. तीव्र उतारावर धड मागे जातं आणि मान वर होते. तिथे पॅकने हेल्मेट पुढे ढकललं की हेल्मेटची कड डोळ्यांवर येते. छोट्या चणीच्या लोकांनी आणि स्त्रियांनी हे मुद्दाम तपासावं. ऑस्प्रेमध्ये रॅप्टरचा स्त्रियांच्या मापाचा जोडीदार रेव्हन या नावाने मिळतो, खांद्याचे पट्टे आणि पाठीची लांबी त्यात वेगळी आहे.

पट्टे बांधायचा क्रम चुकला की चांगला पॅकही वाईट बसतो. सगळे पट्टे आधी सैल करा. कमरेचा पट्टा प्रथम, तो पोटावर न येता कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे, पॅक पाठीला टेकेल इतकेच. खांद्यावर वजन लोंबायला लागलं तर ते जास्त ओढले गेलेत. शेवटी छातीचा पट्टा, काखेच्या पातळीला, खोल श्वास घेता येईल इतका सैल. मग जागच्या जागी दोन उड्या मारा आणि अंग झटकन डावी-उजवीकडे वळवा. पॅक अंगाबरोबर वळला तर ठीक, मागून हेलकावा देऊन आला तर नको.

पाठीला वारा लागावा म्हणून काही पॅकमध्ये जाळी ताणून पॅक पाठीपासून दूर धरलेला असतो. ट्रेकिंगला ही रचना छान. सायकलवर मात्र वजन पाठीपासून जितकं दूर, तितकं ते वळणावर ओढतं. म्हणून सायकलसाठी पाठीला सपाट टेकणारे, फोमच्या उभ्या-आडव्या गाद्यांमध्ये हवेच्या चरी सोडलेले पॅक सरस. पाठ ओली होणारच. मे महिन्यात कोणताही पॅक पाठ कोरडी ठेवत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातीवर जादा पैसे घालू नयेत.

म्यूल १२

पाठीवरून नळीने पाणी प्यायची ही कल्पना उन्हातूनच आली. टेक्सासमध्ये विचिटा फॉल्सला ऑगस्टच्या उष्म्यात शंभर मैलांची हॉटर'न हेल हंड्रेड नावाची सायकल राइड होते. तिथे मायकल आयडसन या तातडीच्या वैद्यकीय सेवेतल्या माणसाने सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीवर बांधली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातून १९८९ मध्ये कॅमलबॅक उभी राहिली. म्यूल हा त्यांचा डोंगरातल्या सायकलींसाठीचा सगळ्यात ओळखीचा पॅक.

नावातले १२ लिटर म्हणजे ९ लिटर सामान आणि ३ लिटर पाणी. हे लक्षात ठेवून दुसऱ्या पॅकशी तुलना करा, कारण काही कंपन्या पाणी धरून आकडा सांगतात, तर काही सामानाचा आणि पाण्याचा आकडा वेगळा देतात. दोन्ही नावांवर १२ लिहिलेलं असूनही आतली जागा सारखी नसते.

यातल्या क्रक्स नावाच्या ब्लॅडरचं झाकण फिरकीचं आहे आणि बाजूला धरायला मूठ आहे. नळाखाली एका हाताने धरून भरणं यात सगळ्यात सोपं जातं. नळीच्या टोकाला चावून पाणी सोडायचा तुकडा असतो, त्या बाइट व्हॉल्व्हला बंद-चालूची दांडी आहे, आणि पाण्याचा प्रवाह खरोखर मोकळा आहे, धापा टाकत असतानाही ओढून प्यावं लागत नाही. पॅकमधले कप्पे विचारपूर्वक केलेत, पंप आणि टायर काढायचे लिव्हर वेगळे राहतात.

उणीव आहे ती धुण्यात. झाकणाचं तोंड रुंद असलं तरी मोठा हात पार तळापर्यंत जात नाही, ब्रश घ्यावाच लागतो. कोपऱ्यांत पाणी राहतं. फिरकीचं झाकण घाईने वाकडं बसवलं तर आटे चुकतात आणि पाठीवरून थेंब थेंब पाणी उतरत राहतं, घाम समजून लक्षातही येत नाही. झाकण बसवताना आधी उलट दिशेने पाव वळण फिरवा, आटे जागेवर पडल्याचं बोटांना कळतं, मग आवळा. झाकणाच्या खोबणीतल्या रबरी कड्यावर वाळूचा एक कण आला तरी गळती होते, म्हणून भरण्यापूर्वी त्यावरून ओलं बोट फिरवावं.

अडीच-तीन तासांच्या राइड नियमित करणाऱ्याला आणि स्वच्छतेची शिस्त असलेल्याला हा पॅक वर्षानुवर्षं पुरेल.

रॅप्टर १४

दिवसभराच्या राइडसाठी या यादीतला आमचा पहिला पसंतीचा पॅक हा. तळाशी हत्यारांची गुंडाळी वेगळी आहे, ती काढून जमिनीवर पसरता येते. पंक्चर झाल्यावर सगळा पॅक उपसून गवतात लिव्हर शोधायची वेळ येत नाही, आणि जड लोखंड तळाशी, कमरेजवळ राहतं. हेल्मेट बाहेर अडकवायची लिडलॉक नावाची क्लिप आहे, चढावर सायकल ढकलताना उपयोगी पडते.

ब्लॅडर २.५ लिटरचा, वरची संपूर्ण कड उघडणारा आणि पट्टी सरकवून बंद होणारा. हात सहज आत जातो आणि तळ, कोपरे, शिवणी सगळीकडे पोचतो. आपल्या हवेत हीच गोष्ट निर्णायक वाटते. ऑस्प्रेच्या सध्याच्या पिशव्या हायड्रापॅक बनवते, त्यामुळे हायड्रापॅकचा सुटा ब्लॅडरही पर्याय म्हणून चालतो. सरकपट्टी लावताना मात्र पिशवीची कड आतून-बाहेरून कोरडी पुसावी आणि सुरकुती न पडता घडी घालावी. पट्टी एका टोकाला अर्धा सेंटिमीटर मागे राहिली की उभ्या पॅकमध्ये काही कळत नाही, पण पॅक गाडीत आडवा टाकला की डिकी ओली होते.

छातीच्या पट्ट्यावर लोहचुंबक आहे, नळीचं टोक त्याला आपोआप चिकटतं. हात न लावता नळी जागेवर जाते, हे सुख मोठं. सह्याद्रीत त्याला एक खास त्रास आहे. आपली माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक काळे कण असतात. पॅक जमिनीवर ठेवला की ते कण चुंबकावर केसांसारखे उभे राहतात आणि तिथून बाइट व्हॉल्व्हजवळ पोचतात. नुसतं फुंकून ते जात नाहीत. चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलला की निघतात. पेसमेकर असलेल्यांनी छातीवर चुंबक असलेला पॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पॅक रिकामाच किलोच्या आसपास भरतो आणि किंमतही तशीच भारी. तासाभराच्या टेकडीसाठी हा घेणं म्हणजे उगीच ओझं. जागा आहे म्हणून सामान भरत राहण्याचा मोहही यात होतो.

रॉकरायडर आणि इतर हलके पॅक

डेकॅथलॉनच्या रॉकरायडर मालिकेत सहा-सात लिटरचे पॅक २ लिटरच्या पिशवीसह मिळतात. परदेशी ब्रँडच्या सुट्या ब्लॅडरला जे पैसे पडतात, तेवढ्यात किंवा थोडे जास्त घालून इथे पूर्ण पॅक येतो. पहिला पॅक म्हणून हाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक ट्यूब, मल्टिटूल, छोटा पंप, दोन चिक्क्या आणि पातळ जर्किन बसतं. त्याहून जास्त भरलं तर कमरेचा अरुंद पट्टा वजन पेलत नाही, तो फक्त पॅक हलू नये एवढ्यापुरताच असतो, आणि सगळा भार खांद्यांवर येतो.

पुढे सवय लागली की पॅक तोच ठेवून ब्लॅडर बदलायचा, हा चांगला मार्ग आहे. हायड्रापॅकचा शेप-शिफ्ट ब्लॅडर मधला जोड सोडला की आतली बाजू बाहेर काढून उलटा करता येतो, मोजा उलटतात तसा, आणि उलटा केलेला ब्लॅडर पंख्याखाली झटपट वाळतो. त्या मधल्या जोडामुळे भरलेली पिशवी फुगून पाठीत गोळा होत नाही, सपाट राहते. सोर्स कंपनीचा वाइडपॅकही वरून पूर्ण उघडतो आणि त्याचं आतलं अस्तर काचेसारखं गुळगुळीत आहे, बुळबुळीत थर तिथे सहज धरत नाही. बदलण्याआधी पॅकच्या आतल्या ब्लॅडरच्या कप्प्याची उंची मोजा. २ लिटरच्या कप्प्यात ३ लिटरची लांब पिशवी कोंबली तर तळ दुमडतो आणि नळीचा जोड वाकून पाणी यायचं थांबतं. नळी पटकन जोडायचे क्लिक-कनेक्टर वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांना बसत नाहीत, तेव्हा ब्लॅडर बदलला की नळीही त्याचीच घ्या.

कमरेचे पॅक

ऑस्प्रे सेराल, इव्हॉकचे हिप पॅक, कॅमलबॅकचा रिपॅक: हे सगळे दीड लिटरच्या आसपास पाणी घेतात. पाठ पूर्ण मोकळी राहते, वजन खाली असतं, उतारावर हे पॅक फार सुखाचे. मात्र पूर्ण भरलेला हिप पॅक सैल बांधला तर खाली घसरतो आणि घट्ट बांधला तर पोट आवळतो, त्यामुळे चढावर श्वास अडतो. चढावर पट्टा एक बोट सैल आणि उतारापूर्वी घट्ट, असं करत राहावं लागतं. नळी कमरेभोवती येते, तिला अडकवायचं चुंबक सुटलं तर ती मागच्या चाकाकडे लोंबते. दोन तासांपर्यंतच्या राइडला घ्यावा. पाठदुखीचा त्रास असलेल्यांनी तर आधी हाच आजमावून बघावा.

खांद्यावर अडकवूनही पाणी कमरेजवळ ठेवायचं असेल तर कॅमलबॅकचा स्कायलाइन एलआर १० आहे. त्यात ३ लिटरचा ब्लॅडर उभा नसून आडवा, कमरेच्या वळणात बसतो.

पाठीचं संरक्षण हवं असणाऱ्यांनी लेबलवर ईएन १६२१-२ हे युरोपीय मानक शोधावं. चाचणीत पाठीपर्यंत पोचणारा सरासरी आघात पातळी १ ला १८ किलोन्यूटनच्या आत आणि पातळी २ ला ९ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. संरक्षक नसलेल्या पॅकमध्ये पंप किंवा मल्टिटूल पाठीच्या कण्याला लागून कधीही ठेवू नये. पाठीवर पडलात तर तेच हत्यार मणक्यात घुसतं. पाठीकडे ब्लॅडर, त्यामागे कपडे, लोखंड तळाशी आणि कडेला.

भरणं, नळी, पहिला घोट

सामान भरून झाल्यावर पाण्याने टम्म झालेला ब्लॅडर आत सरकत नाही. म्हणून आधी ब्लॅडर, मग सामान. पिशवी भरली, झाकण लावलं, की ती उलटी करा, म्हणजे नळीचं टोक वर येईल, आणि व्हॉल्व्ह चावून आतली हवा तोंडाने ओढून काढा. पाणी तोंडात आलं की थांबा. हवा गेली की पाणी आत डुचमळत नाही, आणि वळणावर पाठीमागून येणारा झोकाही कमी होतो. ३ लिटरच्या पिशवीत दीड लिटर नेताना हे हमखास करा आणि पॅकचे बाजूचे पट्टे आवळून घ्या.

नळी बहुतेक पॅकना गरजेपेक्षा लांब येते. लोंबणारी नळी झुडपात, घाणेरीच्या फांद्यांत अडकते. पॅक घालून बसा, नळी छातीच्या पट्ट्यापर्यंत आणा आणि तिथून तोंडाकडे वळायला सात-आठ सेंटिमीटर सोडून बाकीची कापा. कापायची व्हॉल्व्हच्या बाजूने, धारदार पात्याने, सरळ, आणि एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच. कापलेली जोडता येत नाही. घट्ट झालेलं टोक कोमट पाण्यात मिनिटभर धरलं की व्हॉल्व्ह निघतो आणि बसतोही.

नळीचा आतला व्यास साधारण ६ मिलिमीटर. मीटरभर नळीत सुमारे २८ मिली पाणी राहतं, म्हणजे जेमतेम एक घोट. हाच घोट उन्हात तापतो. पाणी पिऊन झालं की व्हॉल्व्ह चावूनच हलकी फुंकर मारा, पाणी पिशवीत परत जातं आणि नळी रिकामी राहते. याने पुढचा घोट गरम लागत नाही. नळीवर फोमचं आवरण असेल तर आणखी बरं.

थंड पाण्यासाठी बर्फाचे खडे टाका. रुंद तोंडाच्या पिशवीचा इथेही फायदा. भरलेली पिशवी फ्रीजरमध्ये दगड करणं टाळावं, गोठताना दुमडीवर ताण येतो आणि ती पॅकच्या कप्प्यातही जात नाही. उकळतं पाणी तर नाहीच, पिशवीचे सांधे उष्णतेने जोडलेले असतात.

ब्लॅडरमध्ये साधं पाणीच भरावं, हा नियम कडक पाळा. लिंबू सरबत, कोकम, इलेक्ट्रोलाइटची पावडर यांतली साखर नळीच्या भिंतीला धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशीला आयतं खाद्य मिळतं. लिंबाचा गर बाइट व्हॉल्व्हच्या चिरेत अडकतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मीठ-साखरेचं पाणी हवंच, पण ते फ्रेमवरच्या बाटलीत. ओआरएसचं एका लिटरचं पाकीट एका लिटरातच विरघळवावं, अर्ध्या लिटरात घट्ट करू नये.

ब्लॅडरला मापाची काच नसते, पाठीमागे किती उरलंय ते कळत नाही. नळीतून फुरफुर आवाज येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. यावर उपाय म्हणजे अर्ध्या लिटरची बंद बाटली पॅकमध्ये वेगळी ठेवणं. ब्लॅडर संपला की ती काढा आणि तिथून परतीची वाट धरा.

कुठे बिनसतं

पाणीच येत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. व्हॉल्व्हची दांडी बंद राहिली आहे का बघा. मग क्लिक-कनेक्टर अर्धवट बसलाय का बघा, तो आतून झडपेने बंद होतो, पूर्ण आत जाऊन 'टक' झाल्याशिवाय पाणी सोडत नाही. मग पॅकमध्ये हात घालून नळी कुठे मुडपली आहे का ते चाचपा. बहुतेक वेळा ती वरच्या कोपऱ्यात, बाहेर पडायच्या भोकाजवळ मुडपते.

गाडीत ठेवलेल्या पॅकचा व्हॉल्व्ह दुसऱ्या बॅगेखाली दाबला गेला की सगळा ब्लॅडर रिकामा होतो. प्रवासात दांडी बंद करा किंवा नळी कनेक्टरपाशी काढून ठेवा. व्हॉल्व्ह सतत थेंब टाकत असेल तर चिरेत कचरा आहे का बघा, धुऊनही थांबत नसेल तर सिलिकॉन फाटलं आहे. तो तुकडा सुटा मिळतो, बदला.

पिशवीच गळते अशी शंका आली तर तिच्यात हवा भरा, झाकण लावा आणि बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे झाकणापाशी आले तर रबरी कडं साफ करा किंवा बदला. नळीच्या जोडापाशी आले तर जोड पुन्हा बसवा. सांध्यावर आले तर पिशवी टाकून द्या. पिण्याच्या पाण्याच्या पिशवीला बाहेरचा डिंक लावून चालवू नये.

धुणं आणि वाळवणं

साधं पाणी वापरलं तर दर वेळी साबणाची गरज नाही, पण पाणी ओतून टाकणं आणि वाळवणं दर वेळी हवंच. राइडनंतर उरलेलं पाणी झाडांना घाला, नळी पिशवीपासून वेगळी करा, एक टोक धरून जोरात गरगर फिरवा. आतलं पाणी बाहेर फेकलं जातं. पिशवी उघडी टांगा आणि तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आत रवी किंवा स्वच्छ लाकडी डाव घाला. कपड्यांच्या हँगरला चिमट्याने लावली तरी चालते. ऊन लावू नका, प्लॅस्टिक पिवळं आणि कडक होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस टांगूनही ती दमटच राहते. तेव्हा रिकामी, निथळलेली पिशवी आणि नळी स्वच्छ पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवून द्या. तिथे बुरशी वाढत नाही. सकाळी बाहेर काढल्यावर घाईने उलगडू नका, दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग विसळून भरा.

महिन्यातून एकदा, किंवा चुकून सरबत भरलं गेलं असेल तर त्याच दिवशी, खाण्याच्या सोड्याने धुवा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडा, नीट हलवून पिशवीत ओता, व्हॉल्व्ह दाबून द्रावण नळीत खेळवा आणि अर्धा तास ठेवा. मग नळीचा लांब तारेचा ब्रश दोन्ही टोकांनी फिरवा, व्हॉल्व्ह उलटा करून जुन्या मऊ टूथब्रशने घासा, आणि दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने विसळा. नव्या पिशवीला येणारा प्लॅस्टिकचा वासही याने बराच जातो. ब्लीच वापरायचंच असेल तर ते लिंबू किंवा व्हिनेगरसोबत कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो.

गुलाबी किंवा करड्या बुळबुळीत थरावर सोडा आणि ब्रश चालतो. नळीच्या भिंतीत रुतलेले काळे ठिपके घासूनही गेले नाहीत तर नळी बदला. ती पिशवीच्या मानाने स्वस्त असते.

पॅक मशीनमध्ये टाकू नका. घामाचं मीठ पट्ट्यांत साचून ते ताठ होतात, म्हणून दर तीन-चार राइडनंतर कोमट पाण्यात हाताने चोळून सावलीत वाळवा. झिपमधला वाळलेला चिखल आधी कोरड्या ब्रशने काढा आणि मगच पाणी लावा, नाहीतर तो दात्यांत आणखी घट्ट बसतो.

पॅकमध्ये काय न्यावं याची यादी ज्याच्या त्याच्या सायकलवर अवलंबून. आपल्या टेकड्यांवर बाभळीचे आणि बोरीचे काटे असतात, तेव्हा टायर ट्यूबलेस असूनही एक ट्यूब, दोन लिव्हर, टायरचं भोक बुजवायचा प्लग, पंप आणि तुटलेली साखळी जोडायला तिच्या मापाची क्विक लिंक एवढं सुटू नये. गिअर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरणारा तुकडा, तुमच्या फ्रेमचाच लागतो, दुसऱ्याचा बसत नाही, म्हणून तोही. पॅकला पावसाचं आवरण नसेल तर फोन आणि औषधं झिपलॉकमध्ये.

पॅक घेतानाच त्याच बिलात एक जादा बाइट व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हचं टोपण आणि नळीचा ब्रश घेऊन टाका. हे तिन्ही तुकडे नंतर एकेकटे मागवायला गेलं की महिनाभर मिळत नाहीत किंवा त्यांच्यापेक्षा कुरिअरचाच खर्च जास्त होतो. मॉडेल बंद झालं असेल तर मिळतच नाहीत. जुनं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर त्याचे व्हॉल्व्ह आणि झाकणाची कडी अजून विक्रीला आहेत का, एवढं विचारून मगच पैसे द्या.